गाडी धावत असेल तर तिच्या हेडलाईटचा प्रकाश जास्त स्पीडने येतो का?

प्रश्न: मी रोज डोंबिवलीहून दादरला येतो. संध्याकाळी परतताना प्लॅटफॉर्मवर उभा असतो तेव्हा समोरून येणाऱ्या फास्ट लोकलचा हेडलाईट दिसतो आणि एकच डाऊट डोक्यात येतो. चालत्या गाडीत पुढच्या दिशेने बॉल फेकला तर बाहेर उभ्या माणसाला गाडीचा स्पीड अधिक बॉलचा स्पीड असं दिसतं, हे शाळेत शिकलो. मग हेडलाईटच्या प्रकाशात गाडीचा स्पीड का मिसळत नाही? आणि मिसळत नाही हे कोणी खरंच मोजून बघितलंय का, की आइनस्टाइन म्हणाला म्हणून आपण मानायचं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नाही मिसळत. आणि हो, मोजून बघितलंय, एकदा नाही तर बऱ्याचदा आणि वेगवेगळ्या पद्धतींनी. तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो म्हणून उत्तर तिथूनच देते, कारण 'आइनस्टाइन म्हणाला' हे फिजिक्समध्ये उत्तर होऊच शकत नाही, तो म्हणाला ते बरोबर निघालं की नाही हे कोणीतरी तपासावं लागतं आणि इथे ते तपासायला लोकांची पन्नासहून जास्त वर्षं गेली.

आधी एक गोष्ट. दादरच्या प्लॅटफॉर्मवर हे मोजता येणार नाही. लोकल ताशी 100 किलोमीटरने येत असेल तर सेकंदाला साधारण 28 मीटर झाले, आणि प्रकाश सेकंदाला 29,97,92,458 मीटर जातो (हा आकडा आता अगदी फिक्स आहे, 1983 पासून मीटरची व्याख्याच त्यावरून केलेली आहे). म्हणजे गाडीचा स्पीड मिसळला असता तरी फरक पडला असता एक कोटीत एक भाग एवढाच, त्यामुळे खूप जास्त स्पीडने पळणारा सोर्स शोधावा लागतो. असे सोर्स दोनच ठिकाणी मिळतात, आकाशात किंवा पार्टिकल ॲक्सिलरेटरमध्ये (म्हणजे सूक्ष्म कणांना प्रचंड स्पीड देणाऱ्या यंत्रात).

तुम्ही जो बॉलचा विचार केलात तसाच विचार एका फार हुशार माणसाने सिरियसली केला होता, वॉल्टर रिट्झ नावाचा स्विस फिजिसिस्ट. 1908 मध्ये त्याने पूर्ण थिअरी मांडली की प्रकाश सोर्सच्या सापेक्ष ठरलेल्या स्पीडने निघतो आणि सोर्स पळत असेल तर तो स्पीड त्यात मिळवायचा. पुढच्याच वर्षी, वयाच्या 31 व्या वर्षी तो गेला. त्याची थिअरी चुकीची निघाली म्हणून तिला कमी लेखायचं कारण नाही, आइनस्टाइनने स्वतः 1905 च्या पेपरआधी असाच मार्ग विचारात घेऊन सोडून दिला होता. ही कल्पना वेडगळ नव्हती, फक्त निसर्ग तसा वागत नव्हता, आणि तो तसा वागत नाही हे दाखवायला आकाश कामाला आलं.

1913 मध्ये डच खगोलशास्त्रज्ञ विलेम डी सिटर याने जोडताऱ्यांकडे बोट दाखवलं. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात तेव्हा त्यातला प्रत्येक तारा अर्धा वेळ आपल्याकडे येत असतो आणि अर्धा वेळ लांब जात असतो. रिट्झचं खरं मानलं तर येताना सोडलेला प्रकाश जास्त स्पीडने निघणार, जाताना सोडलेला कमी स्पीडने, आणि रस्ता इतका लांब आहे की छोटासा फरकसुद्धा वाढत वाढत मोठा होणार.

याचं गणित एका खऱ्या ताऱ्यावर करून बघू. सारथी तारकासमूहात ब्रह्महृदय हा ठळक पिवळसर तारा तुम्हाला माहीत असेल, हिवाळ्यात मुंबईच्या उजेडातूनसुद्धा दिसतो. त्याच्या शेजारचा बीटा ऑरिगे हा जोडतारा आहे, साधारण 81 प्रकाशवर्षं लांब. त्यातले दोन तारे जवळपास 4 दिवसांत एक फेरी मारतात आणि प्रत्येकाचा स्पीड सेकंदाला 110 किलोमीटरच्या आसपास आहे. प्रकाशाच्या तुलनेत हे साधारण 2,700 मध्ये एक भाग होतं. आता 81 वर्षांना 2,700 ने भागा, साधारण 11 दिवस येतात. म्हणजे तारा आपल्याकडे येत असतानाचा प्रकाश 11 दिवस लवकर पोचणार, लांब जात असतानाचा 11 दिवस उशिरा, आणि तारा मात्र दर दोन दिवसांनी दिशा बदलतोय! काय होईल बघा, नंतर निघालेला प्रकाश आधी निघालेल्याला वाटेत गाठून पुढे जाईल, कितीतरी वेगवेगळ्या फेऱ्यांचा प्रकाश एकाच वेळी आपल्या टेलिस्कोपमध्ये शिरेल, एकच तारा एकाच क्षणी येतानाही दिसेल आणि जातानाही, सगळा गोंधळ. प्रत्यक्षात बीटा ऑरिगेच्या वर्णपटातल्या रेषा (येणाऱ्या ताऱ्याच्या निळ्याकडे सरकतात, जाणाऱ्याच्या लालकडे) अगदी शिस्तीत दुभंगतात, परत एकत्र येतात, परत दुभंगतात, केप्लरच्या नियमाप्रमाणे जसं फिरायला हवं तसंच ते दोन तारे फिरताना दिसतात. असे जोडतारे एक-दोन नाहीत, आकाशात भरपूर आहेत आणि असा गोंधळ कुठल्याच जोडताऱ्यात दिसत नाही.

इथे बरेच लोक थांबतात, पण मला थांबायचं नाही कारण यात एक पळवाट होती आणि ती खरी पळवाट होती. अंतराळ पूर्ण रिकामं नसतं, ताऱ्यांच्या मधे अगदी विरळ का होईना वायू असतो. प्रकाश कुठल्याही पदार्थातून जातो तेव्हा त्यातले इलेक्ट्रॉन हलवतो, ते हललेले इलेक्ट्रॉन परत प्रकाश सोडतात, आणि थोडं अंतर गेल्यावर मूळ सोर्सचा प्रकाश संपून जातो आणि उरतो तो या वायूने नव्याने सोडलेला प्रकाश. मुंबईच्या हवेत हे व्हायला अर्धा मिलिमीटरसुद्धा लागत नाही. ताऱ्यांमधल्या वायूत त्यासाठी प्रकाशवर्षाच्या हिशोबातलं अंतर लागतं, पण 81 प्रकाशवर्षांच्या प्रवासात तेही सहज होऊन जातं. मग कोणी म्हणू शकतो की अहो, ताऱ्याचा स्पीड प्रकाशात मिसळला होताच, पण वाटेतल्या वायूने तो पुसून टाकला, तुम्हाला शेवटी दिसला तो वायूचा प्रकाश, आणि वायू काही पळत नव्हता. हा आक्षेप 1960 च्या दशकात जे. जी. फॉक्स या फिजिसिस्टने नीट हिशोब करून मांडला आणि जुने बरेचसे पुरावे त्यामुळे लंगडे पडले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण तेव्हा आइनस्टाइनच्या रिलेटिव्हिटीवर कोणाचा फारसा अविश्वास उरला नव्हता, तरीही ज्या पुराव्यावर ती उभी आहे असं आपण सांगतो तो पुरावा खरंच तेवढं सांगतो का हे विचारणारा माणूस होता आणि त्याचं म्हणणं लोकांनी ऐकून घेतलं.

याचं उत्तर द्यायचं तर असा प्रकाश हवा ज्याला वाटेतला पदार्थ सहज पुसू शकत नाही. खूप जास्त एनर्जीचा प्रकाश, म्हणजे एक्स-रे किंवा गॅमा किरण, यांना वायू फारच कमी अडवतो, त्यांचा मूळ प्रकाश पुष्कळ लांबपर्यंत टिकतो.

1964 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न लॅबमध्ये ॲलव्हेगर, फार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं ते मला या सगळ्यातलं सर्वात सुंदर वाटतं. तिथल्या प्रोटॉन सिंक्रोट्रॉनमधले प्रोटॉन बेरिलियमच्या टार्गेटवर आदळवले की त्यातून न्यूट्रल पायॉन नावाचे कण निघतात. हे कण जन्मल्यावर लगेच मरतात, इतके लगेच की एका सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाचाही एक कोटीवा भाग, आणि मरताना दोन गॅमा फोटॉन (गॅमा प्रकाशाचे कण) सोडतात. त्या एक्सपेरिमेंटमधले पायॉन प्रकाशाच्या 99.975 टक्के स्पीडने पळत होते. तर आता प्रश्न एकदम सोपा झाला, पुढच्या दिशेने सुटलेल्या गॅमा फोटॉनचा स्पीड किती? तुमच्या बॉलच्या हिशोबाने जवळपास दुप्पट यायला हवा. इथे एक कोटीत एक भाग शोधायचा नव्हता, दुप्पट आहे की एकपट एवढंच बघायचं होतं. त्यांनी काही डझन मीटरच्या अंतरात फोटॉनना लागणारा वेळ मोजला आणि उत्तर आलं एकपट, नेहमीचाच प्रकाशाचा स्पीड. सोर्सचा किती हिस्सा मिसळला असू शकतो याची जी मर्यादा त्यातून निघाली ती दहा हजारात एक-दोन भाग एवढी होती, आणि तीसुद्धा मोजमापाच्या चुकीची मर्यादा, प्रत्यक्षात मिसळलेलं काही सापडलंच नाही.

मग 1977 मध्ये केनेथ ब्रेकर याने डी सिटरचीच युक्ती परत वापरली, पण एक्स-रे पल्सारवर. हे न्यूट्रॉन तारे स्वतःभोवती फिरताना घड्याळासारखे ठरावीक वेळाने एक्स-रेचे ठोके देतात आणि शिवाय दुसऱ्या ताऱ्याभोवतीही फिरत असतात. त्यातला हर्क्युलिस एक्स-1 दर सव्वा सेकंदाला एक ठोका देतो, 1.7 दिवसांत फेरी मारतो आणि हजारो प्रकाशवर्षं लांब आहे. रिट्झ बरोबर असता तर त्याचे ठोके काही वर्षं पुढेमागे झाले असते. तसं काहीही दिसत नाही. ब्रेकरने काढलेली मर्यादा होती एक अब्जात दोन भाग, आणि एक्स-रे असल्यामुळे वायूवाली पळवाटही बंद झाली.

यात आपल्या मुंबईचा संबंध येतो तो मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. 28 सप्टेंबर 2015 ला इस्रोने सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर एक्स-रेचे ठोके बारकाईने मोजणारं लॅक्सपीसी नावाचं जे उपकरण आहे ते कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) बनलं, आणि अशाच जोडताऱ्यांमधल्या पल्सारचं टायमिंग करणं हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक आहे. सीएसएमटीला उतरून तिथे बसने जाता येतं.

प्रश्न: मी बारावीला आहे. आमच्या क्लासमध्ये सांगितलं की सोर्सच्या मोशनचा प्रकाशाच्या स्पीडवर परिणाम होत नाही हे मायकेलसन-मॉर्ले एक्सपेरिमेंटने सिद्ध झालं. हे बरोबर आहे का?
— एक विद्यार्थिनी, परळ

उत्तर: नाही गं, हे असं बऱ्याच ठिकाणी शिकवतात पण ते बरोबर नाही, आणि का बरोबर नाही हे तुला एकदा कळलं की हा पूर्ण चॅप्टर जास्त चांगला समजेल.

1887 मध्ये अल्बर्ट मायकेलसन आणि एडवर्ड मॉर्ले यांनी अमेरिकेत क्लीव्हलँडला पाऱ्यावर तरंगणाऱ्या मोठ्या दगडी लादीवर आरसे बसवले, एका दिव्याचा प्रकाश दोन भागांत फोडून दोन काटकोनी दिशांना पाठवला आणि परत आणून एकमेकांत मिसळला, असा मिसळला की उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. तेव्हा असं मानत होते की प्रकाश ईथर नावाच्या माध्यमातून जातो, आणि पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटरने फिरते म्हणजे त्या ईथरमधून जात असणार, मग दोन दिशांच्या प्रकाशाला वेगवेगळा वेळ लागायला हवा आणि लादी फिरवली की पट्टे सरकायला हवेत. अपेक्षेएवढे सरकले नाहीत, जवळपास नाहीतच.

आता विचार कर, दिवा कुठे होता? त्याच लॅबमध्ये, त्याच लादीवर. रिट्झच्या थिअरीप्रमाणे प्रकाश सोर्सच्या सापेक्ष ठरलेल्या स्पीडने निघतो, आणि सोर्स उपकरणाबरोबरच पळतोय, म्हणजे उपकरणाच्या दृष्टीने दोन्ही दिशांना स्पीड सारखाच, पट्टे सरकायचं काही कारणच नाही. म्हणजे जी थिअरी आज आपण चुकीची म्हणतो ती या एक्सपेरिमेंटमध्ये पैकीच्या पैकी मार्क घेऊन पास होते! मायकेलसन-मॉर्लेने धक्का दिला तो ईथरला. पळणाऱ्या सोर्सबद्दल ते काहीच सांगू शकत नव्हतं कारण त्यात उपकरणाच्या सापेक्ष पळणारा सोर्सच नव्हता.

म्हणून मग 1924 मध्ये रुडॉल्फ टोमाशेक याने दिव्याच्या ऐवजी ताऱ्यांचा प्रकाश वापरून तेच करून बघितलं. तारा तर आपल्या सापेक्ष पळत असतोच. तिथेही पट्टे सरकले नाहीत, पण वर डोंबिवलीच्या वाचकांना सांगितलेली पळवाट इथेही लागू पडते, ताऱ्याचा प्रकाश आपल्या हवेतून आणि काचेतून गेला की तो मूळ प्रकाश राहत नाही. त्यामुळे परीक्षेत 'सोर्सच्या मोशनचा परिणाम होत नाही याचा पुरावा द्या' असं आलं तर जोडतारे लिही आणि सर्नचा 1964 चा एक्सपेरिमेंट लिही, आणि मायकेलसन-मॉर्ले ईथरच्या प्रश्नाखाली लिही. सरांना पण जाऊन विचार, नीट विचारलंस तर त्यांनाही आवडेल.

प्रश्न: आवाजाचेही तसेच आहे ना? रुग्णवाहिका धावत असली तरी तिच्या सायरनचा आवाज हवेतून ठरावीक वेगानेच येतो. मग प्रकाशाबाबत एवढे आश्चर्य कशाचे?
— एक निवृत्त शिक्षक, गिरगाव

उत्तर: सर, आपण अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. सोर्सचा परिणाम न होणं यात एकट्यात काही विचित्र नाही, लाटांचं ते सर्वसाधारण वागणं आहे. सायरनचा आवाज हवेत सेकंदाला साधारण 340 मीटरने जातो, गाडी थांबलेली असो की पळत असो. आवाज एकदा हवेत सुटला की त्याचा गाडीशी संबंध संपला.

पण आवाजाच्या बाबतीत ऐकणाऱ्याचा परिणाम होतो. मी स्वतः सायरनच्या दिशेने सेकंदाला 20 मीटरने निघाले तर माझ्या मोजमापाने आवाज 360 मीटरने माझ्याकडे येतोय, कारण हवा हा एक पक्का संदर्भ आहे आणि मी त्या हवेतून जातेय. प्रकाशाला अशी हवा नाही. ईथर शोधून शोधून सापडला नाही. आइनस्टाइनने 1905 मध्ये दोन गोष्टी गृहीत धरल्या, एक की समान गतीने जाणाऱ्या सगळ्यांसाठी फिजिक्सचे नियम सारखे, आणि दुसरी की प्रकाशाचा स्पीड सोर्सच्या गतीवर अवलंबून नाही. दुसरी गोष्ट आपण म्हणता तशी लाटेसारखी साधी, पहिली तर गॅलिलिओपासूनची जुनी. दोन्ही वेगवेगळ्या ठेवल्या तर कोणालाच त्रास नाही, पण एकत्र ठेवल्या की काय होतं, सोर्स पळाला काय आणि बघणारा पळाला काय यात फरकच करता येत नाही, आणि मग बघणारा कसाही जात असला तरी त्याला प्रकाशाचा स्पीड तोच मिळायला लागतो. आश्चर्य असेल तर ते इथे आहे. त्याची किंमत म्हणून वेळ आणि अंतर दोन्ही बघणाऱ्याप्रमाणे बदलतात हे मान्य करावं लागतं.

स्पीडची बेरीजही मग बदलते. दोन स्पीड मिळवायचे आणि त्या बेरजेला एका आकड्याने भागायचं, तो आकडा म्हणजे 1 अधिक दोन्ही स्पीडचा गुणाकार भागिले प्रकाशाच्या स्पीडचा वर्ग. 100 च्या लोकलमध्ये ताशी 60 ने बॉल फेकला तर 160 च्या ऐवजी जे येतं ते इतकं किंचित कमी की ताशी किलोमीटरमध्ये दशांश चिन्हानंतर बारा शून्यं लिहिल्यावर 8 येतो. शाळेतली साधी बेरीज म्हणून चालते. प्रकाशाच्या अर्ध्या स्पीडने पळणाऱ्या यानातून तेवढ्याच स्पीडने काही पुढे सोडलं तर पूर्ण प्रकाशाचा स्पीड येत नाही, 80 टक्के येतो. आणि दोघातला एक स्वतः प्रकाश असेल तर दुसरा काहीही असू द्या, उत्तर प्रकाशाचाच स्पीड येतं, आपण कागदावर करून बघालच.

प्रश्न: सोर्सचा स्पीड प्रकाशात मिसळत नसेल तर रडारवाल्या स्पीडगनला गाडीचा स्पीड कसा कळतो? ती पण प्रकाशाच्या स्पीडच्याच लहरी वापरते ना?
— एक टॅक्सीचालक, वरळी

उत्तर: हो, रेडिओ लहरी म्हणजे प्रकाशच, फक्त डोळ्याला न दिसणारा. गन लहरींचा स्पीड मोजतच नाही, फ्रिक्वेन्सी मोजते. तुमची गाडी गनच्या दिशेने येत असेल तर तिच्यावर आपटून परतणाऱ्या लहरी एकमेकींच्या जास्त जवळ येतात, म्हणजे सेकंदाला जास्त लहरी गनला मिळतात, पण प्रत्येक लहर येते त्याच स्पीडने. समजा गन 24 गिगाहर्ट्झची आहे आणि तुम्ही सी लिंकच्या 80 च्या लिमिटवर सरळ तिच्याकडे येताय, तर परत येणाऱ्या लहरींची फ्रिक्वेन्सी साधारण 3,500 हर्ट्झने वाढलेली असते. 24 अब्जांपुढे हे काहीच नाही, पण पाठवलेली आणि परत आलेली लहर एकमेकींत मिसळली की तो फरक वेगळा निघतो आणि इलेक्ट्रॉनिक्सला तो मोजणं सोपं जातं. गन रस्त्याच्या कडेला तिरकी लावलेली असेल तर आकडा खऱ्या स्पीडपेक्षा थोडा कमीच येतो, जास्त येत नाही.

1912 मध्ये अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर याने देवयानी दीर्घिकेच्या प्रकाशावर हेच तत्त्व वापरलं. तिच्या वर्णपटातल्या रेषा निळ्याकडे सरकलेल्या निघाल्या आणि त्यावरून ती सेकंदाला साधारण 300 किलोमीटरने आपल्याकडे येतेय हे कळलं.